कपाळ

सादिक अडीच वर्षांचा होता.
त्या रात्री चिडचिडला, दूध ढकललं,
मान एका बाजूला टाकून पडून राहिला.
मी कपाळावर हात ठेवला.
गार.
"ताप नाही, झोपू दे," हाशिमला म्हणाले
आणि त्याच्या खाणीतल्या शर्टाला बटण लावत बसले.

पुढचं सांगण्यासारखं नाही.
दिव्रीईचा रस्ता बर्फाने बंद होता
आणि बटण अजून शाबूत आहे.

बायका आल्या.
मेल्या घरी इथे हलवा करतात.
लोण्यात रवा खरपूस होईतो हलवत
आळीपाळीने म्हणाल्या, कपाळी लिहिलेलं होतं.
मी वाचलं होतं ते कपाळ.
अख्खा तळहात टेकून वाचलं होतं.
काही लिहिलेलं नव्हतं.

मग एल्वान.
पाचव्या महिन्यात काखेत गळू,
सातव्यात गुडघा सुजला,
आणि तीही तशीच, नदीतल्या गोट्यासारखी गार.
या वेळी मी हाताचं ऐकलं नाही.
रात्रीच्या गाडीने थेट अंकारा.
वाटभर तिचे श्वास मोजले,
दर शंभराला रुमालाला एक गाठ.
उतरले तेव्हा रुमाल उरला नव्हता, नुसत्या गाठी.

डॉक्टर मुअल्ला आमच्याच बाजूची, कांगालची.
चित्र काढलं नाही तिने. विचारलं,
तुमच्याकडे मेंढरं होती ना?
रात्री लांडगा शिरला की काय होतं?
एक कुत्रा भुंकतो, म्हटलं.
मग बाकीचे उठतात, मग माणसं, मग कंदील.
"हिच्याकडे कुत्रे आहेत," ती म्हणाली.
"दातही आहेत त्यांना.
पण पहिल्याचं भुंकणं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.
ताप म्हणजे तो कंदील, बाई.
तो लागलाच नाही.
तुमचा हात खोटं बोलला नव्हता."

अर्धी चूक माझ्या रक्तातली, अर्धी हाशिमच्या.
आम्ही आतेमामेभावंडं.
लग्नात सगळे खूश होते, घरचं घरात राहिलं म्हणून.
राहिलं खरं.

आता फ्रिजमध्ये चीजच्या डब्यामागे पेनिसिलिन.
सकाळी एक चमचा, रात्री एक,
पाहुणे असोत, ईद असो, वीज गेलेली असो.
शाळेच्या बाईंना चिठ्ठी दिली:
ताप नसला तरी फोन करा.
त्यांनी दोनदा वाचली.
"मग कळायचं कशावरून?"
मी काय सांगणार?
भांडेनाशी झाली तर.
खिडकीकडे पाठ करून बसली तर.
मी अकरा वर्षं शिकतेय, बाई, अजून पास झाले नाही.

चौदा ओलांडली की धोका बराच उतरतो, मुअल्ला म्हणते.
तोवर बाकीचे पहारेकरी शिकून तयार होतात म्हणे.
दाराच्या चौकटीवर मी उंचीच्या रेघा मारते.
लोक मुलांची वाढ बघतात.
मी अंतर बघते.

गेल्या फेब्रुवारीत मी आजारी पडले, साधा फ्लू.
तापाने फणफणले, तिला खोलीत यायची बंदी केली.
आली.
माझ्या कपाळावर हात ठेवला
आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.
मग पुन्हा ठेवला, हळूच,
नव्या प्राण्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

"असा असतो?"
असा असतो.
"दुखतं?"
थोडं.
बराच वेळ ती तशीच उभी,
डोळे मिटून, कान देऊन.
"आई," म्हणाली, "तुझे सगळे उठलेत."

राहू दे गं हात, असं म्हणायचं होतं.
म्हणाले, जा, हात धू.
साबणाने.
दोनदा.